कोपऱ्यांत न दिसणारा उंचवटा

बडोद्याच्या रसायन कारखान्यांत आपली कितीतरी मंडळी आहेत. हे त्यांच्याच कामातलं. समजा, तापमान ६० किंवा ८० अंश, वेळ १ किंवा ३ तास. चार जोड्यांचा उतारा ६६, ७०, ७१, ७३ टक्के, सरासरी ७०. आता ७० अंश, २ तास हा मधला प्रयोग चारदा केला, तर सरासरी ७८! नाहीतर ७३ वरच समाधान मानलं असतं.

या चार आकड्यांच्या आपसांतल्या फरकावरून मिनिटॅब सॉफ्टवेअर ठरवतं, वाढ खरी की योगायोग. (म्हणून ते एकदम उरकू नयेत, अधूनमधून पेरावेत.) वक्रतेची पी-किंमत ०.०५ हून कमी आली, तर सरळ रेषेचं सूत्र पुरत नाही. मात्र वाक तापमानामुळे की वेळेमुळे, हे मधला बिंदू सांगत नाही. त्यासाठी बॉक्स आणि विल्सन यांची १९५१ची रीत: एका वेळी एकच घटक मध्यापासून हलवून आणखी चार प्रयोग.