तेहेतीस पापुद्र्यांची तोर्ता पास्क्वालिना

इटलीच्या वायव्येला, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात, लिगुरिया नावाची चिंचोळी पट्टी आहे. जेनोआ हे तिचं मुख्य शहर. गुरांसाठी मोठी कुरणं इथे फारशी नाहीत. उतारावर दगडी बांध घालून ऑलिव्ह लावायचे, उरल्या जागेत भाजीपाला करायचा, ही इथली शेती. त्यामुळे स्वयंपाकात लोणी बेताचं, तेल आणि पाला मुबलक. एवढ्याच सामग्रीतून ईस्टरसाठी उभी राहते ती तोर्ता पास्क्वालिना, म्हणजे पाऱ्यांत सारण भरून भाजलेला खारा पाय. 1548 साली ऑर्तेन्सिओ लांदो या लेखकाने इटलीतल्या नवलाच्या गोष्टींवर पुस्तक लिहिलं, त्यातही जेनोआच्या चीज घातलेल्या तोर्ताची वाखाणणी आहे.

परंपरेप्रमाणे हिच्या आवरणाला 33 पापुद्रे हवेत, येशूच्या वयाच्या वर्षांइतके. पीठ साधंच: मैदा, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेलाचं मोहन. यीस्ट नाही, लोणी नाही. कणीक चांगली तिंबून गोळे करतात आणि ओल्या फडक्याखाली मुरू देतात. लाटून झाल्यावर पारी दोन्ही मुठींच्या पाठीवर घेऊन हलके हलके ताणायची, इतकी की खालचा हात दिसावा. तेल लावलेल्या थाळ्यात ती कडेबाहेर लोंबेल अशी अंथरायची, वर तेलाचा हात फिरवायचा, मग पुढची.

सारणातला पाला म्हणजे स्विस चार्ड. ही बीटच्याच जातीची भाजी, पण कंदाऐवजी पानांसाठी वाढवलेली. ती उकडून घट्ट पिळतात. इथे आळस केला की पाणी खाली उतरतं आणि तळाची पारी कच्ची, गिच्च राहते. चिरलेल्या भाजीत परतलेला कांदा, किसलेलं पार्मेझान आणि मरवा घालतात. हो, आपण वेणीत माळतो तोच मरवा. लिगुरियात त्याच्याशिवाय पास्क्वालिनाला पास्क्वालिना म्हणत नाहीत.

भाजीवर प्रेशिन्सुआचा थर येतो. दूध आंबवून, किंचित विरजणासोबत दूध गोठवणारं थोडं रेनेट घालून केलेलं हे मऊ, आंबटसर चीज फार टिकत नाही, म्हणून जेनोआच्या आसपासच मिळतं. इतरत्र रिकोटात दही कालवून भागवतात. आपल्याकडे ताज्या पनीरमध्ये चक्का फेटला तर चव बरीच जवळ जाईल, असं मला वाटतं.

या थरात चमच्याच्या पाठीने खळगे करून प्रत्येकात एकेक अंडं अलगद फोडायचं. बलक फुटता कामा नये, कारण कापल्यावर हिरव्या-पांढऱ्या थरांत पिवळी चकती दिसण्यातच तिचा तोरा. पूर्वी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडी आणि दुधाचे पदार्थही वर्ज्य असत. ते एकदम भरभरून ताटात यायचे ते अशा पदार्थांतून.

खरी गंमत वरच्या पाऱ्यांची. त्या पसरताना मध्ये एक पोकळ काडी खुपसतात आणि तिच्यातून फुंकर मारतात. हवा भरली की पाऱ्या फुगून एकमेकींपासून सुटतात; लगेच काडी काढून कडा दाबायच्या आणि बाहेर लोंबणारं पीठ दोरासारखं मुरडून घ्यायचं. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, तेलामुळे पापुद्रे चिकटत नाहीत आणि तासाभरात वर सोनेरी, खुसखुशीत घुमट तयार होतो. कापला की तो चुरचुरत बसतो. आता 33 पापुद्रे क्वचितच कुणी करतं, चार-सहावर निभावतं. बाजारच्या पफ पेस्ट्रीची पास्क्वालिना मात्र मला पळवाट वाटते. तिच्यात लोण्याचाच वास पुढे येतो आणि मरवा मागे पडतो.

तोर्ता गारही छान लागते, त्यामुळे ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीच्या सहलीच्या डब्यात ती ठरलेलीच. जेनोआचे लोक पोटापाण्यासाठी दक्षिण अमेरिकेत गेले, ब्यूनस आयर्सच्या ला बोका भागात वसले, आणि ही तोर्ताही अर्जेंटिना-उरुग्वेत रुजली. तिथे ती पास्क्वालिना म्हणून बारा महिने मिळते, बहुधा पालकाची. पारी ताणत बसायचंही कारण नाही. दुकानात गोल पाऱ्यांची पाकिटं विकत मिळतात, एका पाकिटात दोन: एक खाली, एक वर.