तेलाचा दाब घटतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषण)

बेळगावहून चोरला घाटाने गोव्याकडे भाजी नेणाऱ्या गाड्या उजाडण्यापूर्वीच निघतात. त्यांत नव्या गाड्या असतात, तशा पंधरा-वीस वर्षे राबलेल्या डिझेल पिकअपही असतात. अशाच एका जुन्या पिकअपची कल्पना करा. पहाटेच्या गारव्यात ती निघाली, घाट उतरली, कोठे काही कुरकुर नाही. दिवस वर आला. माल उतरविण्यासाठी बाजाराच्या तोंडाशी ती रांगेत उभी राहिली. इंजिन मंद गतीने चालू आहे, आणि एवढ्यात चालकासमोरचा, तेलाच्या झारीचे चित्र असलेला तांबडा दिवा लुकलुकू लागला. ॲक्सिलरेटरवर थोडा पाय दिला की दिवा विझतो; पाय काढला की पुन्हा लुकलुकतो.

अशा वेळी दोहोंपैकी एक चूक बहुधा होते. ‘पाय दिला की दिवा जातो ना, मग चालेल’ असे म्हणून चालक तसाच पुढे जातो. किंवा घाबरून पहिल्या गॅरेजात शिरतो आणि ‘इंजिन उघडावे लागेल’ हा निकाल निमूटपणे मान्य करतो. पहिल्या चुकीत इंजिन जाते, दुसरीत कदाचित विनाकारण पैसा जातो. ज्याच्या घरची चूल त्या एका गाडीवर पेटते, त्याला दोन्ही सारख्याच महाग. म्हणून या दोन चुकांच्या मधली वाट कोणती, ते आज पाहू.

प्रथम हा दाब म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये तेल साठलेले असते. तेथून जाळीतून ते पंपाकडे ओढले जाते. पंप ते फिल्टरमधून पुढे ढकलतो, आणि मुख्य नलिकेतून ते क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांकडे, कनेक्टिंग रॉडांकडे, कॅमशाफ्टकडे आणि वरच्या रॉकरांकडे जाते. आपले काम करून ते ठिबकत पुन्हा चेंबरमध्ये येते. पंपाजवळ स्प्रिंगवर बसविलेला रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब मर्यादेबाहेर जाऊ लागला की तो उघडतो आणि जास्तीचे तेल परत खाली सोडतो.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पंप दाब निर्माण करीत नाही. तो केवळ प्रवाह निर्माण करतो. बागेला पाणी घालताना नळीचे तोंड मोकळे असले तर पाणी नुसते गळते. तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी जोराने उडते. नळ तोच, पाणी तेच. अडथळा आला म्हणून दाब आला. इंजिनात हे अंगठ्याचे काम बेअरिंगांमधील बारीक फटी करतात. फिरणारा दांडा आणि त्याभोवतीचे बेअरिंग यांतील अंतर मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकेच असते. झिजेने ही फट वाढली की तेल सहज निसटते आणि दाब पडतो. इतर गोष्टी तशाच राहिल्या आणि फट दुप्पट झाली, तर तीतून निसटणारे तेल दुप्पट नव्हे, आठपट होते. जुन्या इंजिनाचा दाब वर्षानुवर्षे बरा राहून पुढे झपाट्याने का घसरतो, याचे एक कारण या हिशेबात आहे.

मग बेअरिंगावरील भार हा पंपाचा दाब पेलतो काय? पुष्कळांची तशी समजूत असते. परंतु ती बरोबर नाही. इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास बोशॅम्प टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगाच्या माथ्यावर भोक पाडले, तो आत जाण्याऐवजी तेल तेथून वर येऊ लागले. भोकात बूच बसविले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. अखेर तेथे दाबमापक लावला, तेव्हा काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगावरील सरासरी भार मात्र १०० पौंडांच्याच आसपास होता. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये या गोष्टीची गणिती उपपत्ती मांडली. फिरणारा दांडा तेलाला निमुळत्या फटीत पाचरीसारखे ओढून नेतो, आणि ती तेलाची पाचरच सगळा भार उचलून धरते. पंपाचे काम त्या पाचरीला अखंड तेल पुरविण्याचे. म्हणून डॅशबोर्डवरचा काटा किंवा दिवा हा कर्ता नव्हे, साक्षीदार आहे. पुरवठा नीट चालला आहे की नाही, एवढीच साक्ष तो देतो. आणि कोणत्याही साक्षीदाराप्रमाणे त्याचीही उलटतपासणी करावी लागते.

परंतु उलटतपासणी नंतर. आधी इंजिन बंद. गाडी चालत असता दिवा लागला किंवा काटा खाली कोसळला, तर सुरक्षित जागी गाडी थांबवावी आणि मगच इंजिन बंद करावे. घाटात धावत्या गाडीचे इंजिन बंद करू नये. तसे केल्यास ब्रेकला मिळणारे साहाय्य तुटते आणि एक संकट टाळताना दुसरे ओढवते. तेलावाचून इंजिन बिघडायला काही मिनिटेही पुरतात. यात ‘गावापर्यंत पोचू’ हा हिशेब चालत नाही.

आता तपासणीचा क्रम. तो फुकटाकडून खर्चाकडे जाणारा असावा.

पहिली गोष्ट, तेलाची पातळी. गाडी सपाट जागी उभी करून, पाचदहा मिनिटे तेल खाली उतरू द्यावे आणि मग डिपस्टिक पाहावी. पातळी कमी असेल तर वळणावर व चढणीवर जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. तेव्हा काटा खालीवर नाचतो. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर इंधन त्यात मिसळून ते पातळ झाले आहे. तेल ताकासारखे पांढुरके दिसत असेल, तर पाणी शिरले आहे. मात्र नुसता काळा रंग हा दोष नव्हे. डिझेल इंजिनात काजळीमुळे नवे तेलही लवकर काळे पडते.

दुसरी गोष्ट, तेलाची जात आणि वय. इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीपेक्षा पातळ तेल पडले असेल, किंवा बदलण्याची मुदत केव्हाच उलटली असेल, तर तेथेच उत्तर सापडण्याचा संभव असतो. तेल व फिल्टर बदलून पाहणे हा इंजिन उघडण्यापेक्षा फार स्वस्त उपाय आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे साक्षीदाराची परीक्षा. चावी फिरवावी, पण इंजिन चालू करू नये. दिवा लागला पाहिजे. लागला नाही, तर तो निकामी आहे किंवा तार तुटली आहे, आणि इतके दिवस आपण मुक्या पहारेकऱ्यावर विसंबून होतो असे समजावे. आता इंजिनावरील दाबाच्या स्विचची तार काढून पाहावी. तार काढूनही दिवा पेटलेलाच राहिला, तर ती वाटेत कोठे तरी लोखंडाला टेकली आहे. हे स्विच बहुतेक गाड्यांत तेलाच्या दाबाने उघडते आणि दाब चौरस इंचाला पाचसात पौंडांच्या खाली गेला म्हणजेच दिवा लावते. तेव्हा ते धड असेल तर दिवा विझलेला असणे याचा अर्थ ‘दाब उत्तम आहे’ असा नाही. ‘अगदीच गेलेला नाही’ एवढाच आहे.

चौथी गोष्ट निर्णायक आहे, आणि नेमकी तीच बहुधा टाळली जाते. स्विच काढून त्याच आट्यांत यांत्रिक दाबमापक बसवावा. यात विजेचा संबंध नसतो. तेलाच्या दाबाने आतील वाकडी नळी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. फ्रान्समधील यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये काढलेली ही युक्ती आजही भरवशाची आहे. त्याची नळी तापलेल्या एक्झॉस्टपासून दूर ठेवावी. इंजिन गार असता एकदा आणि अर्धा-पाऊण तास गाडी चालवून पुरते तापल्यावर एकदा, अशी दोनदा नोंद घ्यावी. दोन्ही वेळा मंद गतीवरचा आणि मिनिटाला २००० फेऱ्यांवरचा दाब लिहून ठेवावा. अचूक आकडे त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेत असतात. ते हाताशी नसतील तर दर १००० फेऱ्यांमागे चौरस इंचाला सुमारे १० पौंड हा जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा धरावा. मापकावर किलोचे आकडे असतील, तर चौरस सेंटिमीटरला १ किलो म्हणजे चौरस इंचाला सुमारे १४ पौंड.

आता या आकड्यांचे वाचन. दाब सर्वत्र ठीक निघाला, तर दोष स्विचचा किंवा तारेचा, खर्च किरकोळ. गार असता ठीक, तापल्यावर मंद गतीला फार कमी, पण गती वाढविताच चांगला चढतो, असे असेल तर, तेल योग्य असल्यास, बेअरिंगांची किंवा पंपाची झीज संभवते. सुरुवातीस सांगितलेल्या पिकअपची लक्षणे याच जातीची आहेत. तापलेले तेल पातळ आणि पंप सावकाश, अशा वेळी झीज उघडी पडते. दाब प्रत्येक वेळी आणि प्रत्येक गतीला कमी असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला, पंप झिजलेला किंवा जाळी गाळाने भरलेली असू शकते. मंद गतीला ठीक असून गती वाढविली की दाब पडत असेल, तर गाडीखाली वाकून चेंबर पाहावे. शेतवाटेवर दगड लागून त्याचा तळ आत दबला, तर तो जाळीला टेकतो आणि पंपाची मागणी वाढली की पुरवठा तुटतो.

दाब नेहमीपेक्षा फार जास्त असणे हेही आरोग्याचे लक्षण नव्हे. गार तेलाने तसे होते, ते गैर नाही. पण तापल्यावरही काटा वरच राहिला, तर तेल जाड आहे किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला आहे. शिवाय मापक एकाच ठिकाणचा दाब सांगतो. त्याच्या पुढची वाट तुंबली असेल तर काटा समाधानी आणि वरचे रॉकर कोरडे, असेही घडते.

आकड्यांच्या जोडीला कान आणि डोळेही वापरावेत. वरून येणारी हलकी टकटक आणि खालून येणारी जड ठोक यांत फरक आहे; जड ठोक ऐकू आली तर आणखी चाचण्या करीत इंजिन चालवू नये. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून पाहावा. लोखंडी कण चुंबकाला चिकटतात. बेअरिंगाचे तांबूस किंवा रुपेरी कण चिकटत नाहीत, पण उन्हात चमकतात. असे चमचमते कण भरपूर दिसले, तर मात्र ‘उघडावे लागेल’ हा निकाल खरा मानावा. तेव्हाही पुष्कळ गाड्यांत चेंबर खाली उतरवून जाळी, पंप आणि बेअरिंगे गाडीवरच पाहता येतात. आधी ते करावे. क्रँकशाफ्ट मापून पाहिल्यावाचून नुसती नवी बेअरिंगे घालणे म्हणजे झिजलेल्या दांड्याला नवे कपडे चढविणे होय. दांडा झिजला असेल, तर तो घासून पाव मिलिमीटरच्या टप्प्याने कमी मापाची बेअरिंगे बसवितात.

शेवटी एक सावधगिरी. जाड तेल ओतले की दाब वाढलेला दिसतो. झिजलेल्या गाडीला तो चार दिवसांचा आधार होईलही. पण जाड तेल पहाटेच्या थंडीत सावकाश पोचते आणि नेमक्या त्या क्षणांत झीज वाढवते. जुनी गाडी विकणाराही ही युक्ती जाणतो. म्हणून जुनी पिकअप घेताना गार इंजिनाचा काटा पाहून सौदा करू नये. ती तासभर चालवावी आणि मग मंद गतीवर काटा कोठे राहतो ते पाहावे.

रांगेत दिवा लुकलुकलेल्या आपल्या चालकाने काय करावे, ते आता सांगता येईल. इंजिन बंद करावे, तेल पाहावे, आणि माल दुसऱ्या गाडीने पाठवावा लागला तरी तो एक दिवस सोसावा. गॅरेजात गेल्यावर ‘किती खर्च येईल’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘मापक लावून दाब किती आला’ हाच असला पाहिजे. जो मिस्त्री चार आकडे कागदावर लिहून देतो, त्याच्या हाती इंजिन द्यायला हरकत नाही.