काचेवर उठलेलं नाव

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर भंगाराच्या गोदामांत बाटल्या निवडणाऱ्या बायका लेबलाकडे बघतसुद्धा नाहीत. अंगठा काचेवरून फिरतो, अक्षरं हाताला लागली की बाटली वेगळ्या गोणीत. 650 मिलीची बीअरची बाटली ज्या कंपनीच्या नावाची, तिच्याकडेच परत जावी यासाठी तर ते नाव साच्यातच कोरलेलं असतं. लेबल धुतलं जातं, हे जात नाही. दुसऱ्याच्या नावाच्या बाटलीत आपली बीअर भरण्यावरून कंपन्यांचे दावे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत.

जुन्या बाटलीचा शोधही अंगठ्यापासूनच सुरू होतो. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक रेघ बाटलीच्या कडेने वर चढते. ती मानेवरच विरली तर तोंड हाताने घडवलेलं, ओठावरून पार गेली तर बाटली यंत्रातली. मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र 1903च्या सुमाराचं, त्यामुळे परदेशातले संग्राहक या रेघेवरून काळ ठरवतात. आपल्याकडे एवढ्यावर विसंबता येत नाही, कारण फिरोजाबादेत काच हाताने फुंकणं अजून चालू आहे. मग मी अक्षरं आणि मापं वाचायला घेते. ‘मिली’ असेल तर बाटली दशमान मापांच्या 1956च्या कायद्यानंतरची. ‘डायर मीकिन’ असेल तर 1960च्या दशकात त्या नावात ‘मोहन’ येण्याआधीची. एडवर्ड डायरने कसौलीला दारूचा कारखाना काढला तो 1855मध्ये; ओल्ड मंक त्याच घराण्यातली, 1954ची.

पण मला सगळ्यात जास्त सांगतो तो झिजलेला पट्टा. पुन्हा पुन्हा भरलेली बाटली क्रेटमध्ये शेजारणीला घासते आणि खांद्यावर, तळाच्या कडेला काच धुरकट होते. ही धूसर कडा म्हणजे बाटलीने किती फेऱ्या केल्या त्याची खूण. 1950मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली, पण काच कोण टाकून देणार? घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत अशाच बाटल्यांतून रेशनचं रॉकेल आलं, खोबरेल आणि फिनेल राहिलं. एखादीच्या तळाशी तेलाचा पिवळट थर अजून असतो.

विकणारे हे सगळं घासून, आम्लाने धुऊन बाटली लखलखीत करतात, भाव चढतो म्हणून. मला ते बघवत नाही. बाटली कुठून निघाली ते नाव सांगतं. पुढे ती कुणाकुणाच्या उपयोगी पडली हे झीज आणि तो थर सांगतात, आणि तेच पुसलं जातं. कोमट पाणी, थोडा साबण, आत मूठभर तांदूळ घालून हलवलं तरी माती निघते, एवढं पुरे. चाळी पुनर्विकासाला जाताना पोटमाळे रिकामे होतात तेव्हा घरातल्या आजींना मी आधी विचारते, हिच्यात काय भरायचात? उत्तर चिठ्ठीवर लिहून बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने बांधते.