काडतूस एक, कसोट्या दोन

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेतेपद पटकावले होते, तर राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. एकीच्या हाती रायफल, दुसरीच्या हाती पिस्तूल. पण दोघींचे काडतूस एकाच मापाचे, पॉइंट टू टू! मग फरक कशात?

ठेंगणे आणि टोकदार

एरवी या दोन शस्त्रांची काडतुसे वेगळ्या घडणीची असतात. पिस्तुलाची नळी आखूड. म्हणून काडतूस ठेंगणे, गोळी जाड व बोथट, आणि दारू थोडी पण झटकन जळणारी. ९ मिलिमीटरची गोळी साधारण साडेसात ते आठ ग्रॅमची असते व सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने निघते. लष्करी रायफलची पुंगळी बाटलीसारखी मानेशी निमुळती, आत दारू कितीतरी अधिक आणि गोळी लांब, टोकदार. ७.६२ मिलिमीटरची गोळी साडेनऊ ग्रॅमचीच, पण वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर. वजनातला फरक थोडा. ऊर्जा मात्र सहा-सात पट!

मोल सारखेपणाचे

खेळात या ताकदीचा उपयोग नाही. तिथे मोल असते ते प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच जाण्याला. पॉइंट टू टूची शिशाची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवतात. कारण आवाजाहून वेगवान गोळी वाटेत मंदावून ती सीमा ओलांडू लागली, की डळमळते.

रायफलच्या ५० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. एकाच घरच्या दोन घाण्यांतल्या चकल्या जशा तंतोतंत सारख्या नसतात, तसेच काडतुसांचेही. म्हणून अव्वल नेमबाज आपली रायफल पकडीत घट्ट बसवून वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसे झाडून पाहतात आणि जिच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ पडतात ती खेप राखून ठेवतात. एका रायफलला मानवणारी खेप दुसरीला मानवेलच असे नाही.

पिस्तुलाचे गणित निराळे. २५ मीटरवर संथ फेरीत दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे, तर जलद फेरीत १०० मिलिमीटरचे. पण तिथे प्रत्येक गोळीला मिळतात फक्त ३ सेकंद. अशा वेळी केसभर अचूकतेपेक्षा काडतूस न अडकणे आणि झटका कमी बसणे महत्त्वाचे ठरते.

घरातून सुरुवात करताना

मुलाला किंवा मुलीला हा खेळ शिकवायचा असेल, तर सुरुवात १० मीटरच्या हवेच्या बंदुकीने करावी. तिचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. चपट्या तोंडामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजणे सोपे जाते. लक्ष्य मात्र सोपे नाही. एअर पिस्तुलात दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, तर एअर रायफलमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका!

छर्रे स्वस्त पडतात. खर्चाचा खरा डोंगर पॉइंट टू टूपाशी उभा राहतो. स्पर्धेची उत्तम काडतुसे परदेशातून येतात, त्यांना परवाना लागतो आणि सरावात ती भराभर संपतात. स्वप्नीलच्या शिक्षक वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे हात स्थिर होईपर्यंत छर्‍यांवरच भागवणे शहाणपणाचे. रायफल की पिस्तूल, हा निर्णयही मुलाचा कल पाहून प्रशिक्षकांच्या सल्ल्याने घ्यावा.

दोन पथ्ये मात्र पहिल्या दिवसापासून पाळावीत. छर्रे शिशाचे असल्याने ते हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. आणि बंदूक हवेची असली, तरी ती कुलपातच ठेवावी. नेम साधण्याआधी शिस्त अंगी बाणावी लागते, आणि तिला परवानाही लागत नाही, पैसाही नाही.