पिकाचे छायाचित्र : टिपणे आणि जतन करणे

शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून स्वतःच करावी, ही सोय कर्नाटक राज्यात २०२० च्या खरीप हंगामापासून उपलब्ध झाली. कन्नडमध्ये 'बेळे समीक्षे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पीक समीक्षेत सर्व्हे नंबर निवडून, पिकाचे नाव व क्षेत्र भरून, शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र जोडावे लागते. आधारभूत किमतीने होणारी खरेदी, पीक विमा आणि नैसर्गिक आपत्तीतील मदत या तिन्ही कामी या नोंदीचा आधार घेतला जातो. विम्याच्या अर्जातील पीक आणि समीक्षेतील पीक यांत तफावत आढळल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो.

औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर या सीमावर्ती तालुक्यांतील मराठी भाषिक शेतकऱ्यांकडून एक अडचण वारंवार ऐकू येते. "फोटो काढला होता, पण आता तो मोबाईलमध्ये नाही." ही अडचण क्षुल्लक समजू नये. मूग व उडीद ही पिके पेरणीपासून सुमारे अडीच महिन्यांत काढणीस येतात. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेतात उभी असते, म्हणून तिचे छायाचित्र पुन्हा घेता येते. मुगाचे रान एकदा रिकामे झाले की ते छायाचित्र कायमचे गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने आणि भीमेच्या पुराने या भागातील उभी पिके पाण्याखाली गेली, तेव्हा आधी केलेल्या नोंदीचे मोल सर्वांच्याच प्रत्ययास आले.

छायाचित्र कोठे साठते?

बटण दाबताच छायाचित्र साठविले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बटण दाबल्यावर प्रतिमा प्रथम मोबाईलच्या तात्पुरत्या स्मृतीत येते. तेथे तिच्यावर संस्कार होतात, तिचा आकार लहान केला जातो आणि त्यानंतरच ती कायमच्या साठ्यात लिहिली जाते. १२ मेगापिक्सेलच्या एका प्रतिमेची मूळ माहिती सुमारे ३६ एम.बी. भरते. ती दाबून साधारण ३ ते ५ एम.बी. केली जाते. या कामास क्षण-दोन क्षण लागतात, आणि जुन्या किंवा साठा भरलेल्या मोबाईलमध्ये त्याहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात अ‍ॅप बंद केले किंवा बॅटरी संपली, तर पडद्यावर दिसलेले चित्र साठ्यात पोहोचतच नाही. म्हणून बटण दाबल्यानंतर थोडा वेळ मोबाईल स्थिर धरावा आणि चित्र उघडून पाहिल्यावरच पुढे जावे.

साठा भरल्यामुळे होणारी अडचण

सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे मोबाईलमध्ये जागा शिल्लक नसणे. एक जी.बी. जागेत साधारण २५० छायाचित्रे मावतात. व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांतून येणारी शुभेच्छाचित्रे व चलचित्रे आपोआप उतरून ही जागा व्यापतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये आपोआप उतरण्याची सोय बंद करावी आणि समीक्षेपूर्वी निदान एक-दोन जी.बी. जागा मोकळी करावी. पुष्कळ मोबाईलमध्ये पुसलेली छायाचित्रे लगेच नाहीशी होत नाहीत, काही दिवस कचरापेटीत पडून राहतात आणि जागा अडवितात. ती पेटीही रिकामी करावी, मात्र तत्पूर्वी त्यात कामाचे काही नाही ना, हे पाहून घ्यावे. चुकून पुसलेले छायाचित्र परत मिळण्याची जागाही तीच आहे.

परवानगी काढून घेतली जाते

दुसरे कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. अँड्रॉइड प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, प्रत्येक अ‍ॅपला कॅमेरा व स्थान वापरण्यासाठी मालकाची परवानगी घ्यावी लागते. अकराव्या आवृत्तीत, २०२० साली, आणखी दोन नियम आले. दोनदा नकार दिल्यास अ‍ॅप पुन्हा विचारीत नाही. तसेच काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपची परवानगी मोबाईल स्वतःहून काढून घेतो. पीक समीक्षेचे अ‍ॅप हंगामापुरतेच उघडले जात असल्याने हा दुसरा नियम शेतकऱ्यांना विशेष बाधतो. मागील हंगामात सुरळीत चाललेले अ‍ॅप या हंगामात छायाचित्र घेत नाही, त्याचे कारण बहुधा येथेच सापडते. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, त्यात समीक्षेचे अ‍ॅप आणि त्याखाली परमिशन्स अशा क्रमाने जाऊन कॅमेरा व लोकेशन या दोहोंना परवानगी द्यावी.

मेमरी कार्ड

मोबाईलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे दिसत नसल्यास मेमरी कार्डाकडे लक्ष द्यावे. स्वस्तात घेतलेली बनावट कार्डे आपली क्षमता खोटी दाखवितात. ती भरली की नवी छायाचित्रे अर्धवट लिहिली जातात व राखाडी चौकटीसारखी दिसतात. मोबाईल चालू असताना कार्ड ओढून काढल्यानेही तेच होते. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये साठवणुकीची जागा म्हणून कार्डाऐवजी मोबाईलचाच साठा निवडणे अधिक सुरक्षित होय.

गॅलरीत नाही म्हणजे हरवले असे नाही

समीक्षेसारख्या अ‍ॅपमधून घेतलेले छायाचित्र बहुधा गॅलरीत जात नाही. ते अ‍ॅपच्या स्वतःच्या कप्प्यात राहते आणि नेटवर्क मिळाल्यावर तेथून पाठविले जाते. ते पाहण्यासाठी अ‍ॅपच उघडावे. येथे एक धोका आहे. अ‍ॅप नीट चालत नाही म्हणून ते काढून टाकून पुन्हा बसविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. अ‍ॅप काढताच त्याचा कप्पाही पुसला जातो आणि न पाठविलेली सर्व छायाचित्रे त्यासोबत जातात. 'क्लिअर डेटा' या बटणाचाही परिणाम हाच होतो. 'क्लिअर कॅश' हे बटण निराळे आहे. ते साधारणतः तात्पुरत्या वस्तू पुसते. या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये. न पाठविलेली नोंद शिल्लक असेपर्यंत अ‍ॅप काढू नये व त्याचा डेटा पुसू नये.

शेतात गेल्यावर

छायाचित्र घेण्यापूर्वी तारीख व वेळ आपोआप लागणारी ठेवावी, अन्यथा चित्र भलत्याच तारखेखाली जाऊन बसते. लोकेशन चालू करून झाडाखाली न थांबता मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ उभे राहावे. स्थान उपग्रहांवरून कळते, त्यासाठी मोबाईलची रेंज आवश्यक नसते. रेंज नसताना मात्र त्यास वेळ अधिक लागतो. छायाचित्र घेतल्यावर ते अ‍ॅपमध्ये उघडून पाहावे आणि बांध ओलांडण्यापूर्वी खात्री करावी. रेंज मिळताच नोंद पाठवावी व ती पोहोचल्याचे पाहावे.

या नोंदीखेरीज नेहमीच्या कॅमेऱ्यानेही एक छायाचित्र घेऊन ठेवणे हिताचे आहे. ते समीक्षेची जागा घेऊ शकत नाही, परंतु पुढे तक्रार करावयाची झाल्यास उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठविल्यास त्याचा दर्जा घटतो व त्यातील स्थानाची माहिती निघून जाते, म्हणून मूळ प्रत मोबाईलमध्ये राहू द्यावी. पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. त्या घाईच्या वेळी साठा मोकळा व परवानग्या चालू असलेला मोबाईल हाताशी असणे अगत्याचे ठरते.

शिक्षक व कर्मचाऱ्यांसाठी

गावातील शिक्षक, महसूल व कृषी खात्याचे कर्मचारी आणि नेमलेले समीक्षक यांनी हंगामाच्या प्रारंभीच साठा, परवानगी आणि तारीख या तीन गोष्टी शेतकऱ्यांच्या मोबाईलमध्ये तपासून द्याव्यात. एका मोबाईलला यासाठी पाच मिनिटेही लागत नाहीत. अडलेल्या शेतकऱ्याचे अ‍ॅप परस्पर पुसू नये. न पाठविलेल्या नोंदी आहेत काय, हे आधी विचारावे. तरीही छायाचित्र मिळत नसेल, तर पीक उभे आहे तोवरच शेतकऱ्याने जवळच्या रयत संपर्क केंद्रात जाऊन दुरुस्ती करून घ्यावी. पीक काढल्यावर आलेल्या तक्रारीला शेतात दाखविण्यासारखे काहीच उरत नाही.