घरगुती मसाल्याचे दाणे आणि दाण्यांची निवड

देशावर शेतकऱ्याच्या घरीं पाहुणा आला म्हणजे त्याच्यापुढें मूठभर भाजके दाणे व गुळाचा खडा ठेवण्याची चाल फार जुनी आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पीकपाहणीच्या व पैसेवारीच्या निमित्तानें आम्हांस खेडोपाडीं हिंडावें लागे. त्या वेळीं असे दाणे आम्हीं किती घरीं खाल्ले असतील त्याची गणती नाहीं. हल्लीं मात्र निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. ज्याच्या शेतांत भुईमूग पिकतो तोच शेतकरी सर्व शेंगा बाजारांत घालतो, आणि जत्रेंत किंवा एस. टी. च्या थांब्यावर खाऱ्या अथवा मसाल्याच्या दाण्यांची पुडी दामदुप्पट देऊन मुलांकरितां विकत आणतो. वास्तविक हे दाणे करण्यास एक कढई, थोडें जाडें मीठ व अर्ध्या घटकेचा धीर एवढेंच साहित्य लागतें. ती कृति या लेखांत सविस्तर सांगण्याचा आमचा विचार आहे. परंतु कृतीच्याही आधीं एक गोष्ट सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण ती न सांगतां कृति सांगणें म्हणजे वाचकांस अर्धवट शहाणें करून सोडण्यासारखें होईल.

विक्रीचा दाणा व घरचा दाणा :— आमच्या घरोघर अशी रीत आहे कीं, शेंगा फोडल्यावर टपोरे, गुलाबी दाणे विक्रीस जातात आणि चाळणीखालीं राहिलेला गाळसाळ, म्हणजे सुरकुतलेले, काळसर, किडके, फुटके दाणे, घरीं राहतो. तोच चटणीस, कुटास व भाजून खाण्यास वापरला जातो, आणि उरला तर जनावरांपुढें जातो. यास आम्ही काटकसर म्हणतों. आम्हीं स्वतः असेंच करीत आलों, हें येथें कबूल करितों.

एके वर्षीं उन्हाळी भुईमूग काढतांना वळिवाच्या पावसानें आम्हांस गांठलें. ओल्या शेंगा घाईघाईनें पडवींत ढिगानें ओतल्या आणि तीन दिवस तशाच राहिल्या. पुढें त्या वाळवून फोडल्या तेव्हां निवडक दाणे व्यापारी घेऊन गेला आणि वाईट दाणे घरीं राहिले. भाजल्यावर त्यांस किंचित् कडवटपणा येऊं लागला. तो झांकावा म्हणून आम्हीं घरांत सांगितलें, “तिखट जरा सढळ हातानें घाल, म्हणजे कळणार नाहीं.” आमचा लहान नातू एक दाणा तोंडांत टाकून थुंकला, तेव्हां अन्नास नांवें ठेवूं नयेत म्हणून आम्हीं त्यास रागें भरलों. त्यावर त्याची आजी म्हणाली, “अहो, पोराला काय बोलतां? आधीं दाणा बघा की!” दाणा फोडून पाहिला तों दोन्ही डाळिंब्यांच्या मध्यें हिरवट-पिंवळी बुरशी. पोराची जीभ आमच्या काटकसरीपेक्षां शहाणी ठरली.

ही बुरशी काय करते :— या बुरशीस शास्त्रांत ॲस्परजिलस फ्लेव्हस असें नांव आहे, आणि ती जें विष तयार करते त्यास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. इ. स. १९६० मध्यें इंग्लंडांत टर्की जातीचे एक लाखावर पक्षी थोड्या महिन्यांत मेले. शोध करतां असें निघालें कीं, त्यांच्या खाद्यांत भुईमुगाची बुरशी लागलेली पेंड होती. तेथूनच या विषाचें ज्ञान जगास झालें. आपल्या देशांतही १९७४ सालीं राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत बुरशीचा मका खाण्यांत येऊन शंभरावर माणसें दगावलीं. तें विषही हेंच होतें. एकदम पुष्कळ पोटांत गेल्यास यकृत बिघडून कावीळ होते. थोडें थोडें वर्षानुवर्षें जात राहिल्यास यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. दुभत्या जनावरांस बुरशीची पेंड घातली तर विषाचा कांहीं अंश दुधांत उतरतो. म्हणजे जो दाणा आपण टाकला असें समजतों तो दुधाच्या वाटेनें पुन्हां आपल्याच मुलांच्या पेल्यांत येतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, भाजण्यानें हें विष पुरतें जात नाहीं. बुरशी मरते, विष थोडें कमी होतें, पण बरेंचसें तसेंच राहतें. तिखटामिठानें तर कांहींच होत नाहीं. चव मात्र झांकली जाते, आणि चव हाच आपला पहारेकरी असतो. युरोपांतील राष्ट्रांनीं खाण्यास तयार भुईमुगांत किलोमागें ४ मायक्रोग्रॅमपर्यंतच हें विष चालेल असा नियम केला आहे. हिशेब केल्यास एक टन दाण्यांत ४ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही फारच कमी! यावरून थोडेसे वाईट दाणेही सबंध पोतें कसें बिघडवितात हें ध्यानांत येईल. मात्र यांत समाधानाचीही एक गोष्ट आहे. हें विष पोत्यांतील सर्व दाण्यांत सारखें पसरलेलें नसतें, तर थोड्या बुरसट, काळवंडलेल्या व सुरकुतलेल्या दाण्यांत बव्हंशीं सांठलेलें असतें. सबब हातानें केलेली निवड हाच घरच्या घरीं करण्याजोगा उत्तम उपाय होय.

शेतांत व खळ्यावर घ्यावयाची काळजी :— भुईमुगाचें फूल वर येतें, पण त्याची आरी जमिनींत शिरून शेंग मातींतच पोसते. त्यामुळें बुरशीचा व तिचा शेजार जन्मापासूनचा आहे. शेंगा भरण्याच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण पडला व जमीन तापली तर बुरशी शेतांतच दाण्यांत शिरते. म्हणून सोय असेल त्यानें त्या वेळीं एक पाणी अवश्य द्यावें. हुमणीनें अथवा वाळवीनें कुरतडलेल्या आणि खुरप्यानें फुटलेल्या शेंगा काढतांनाच वेगळ्या कराव्या. वेल उपटल्यावर शेंगा वर येतील असे उलटे मांडून दोन-तीन दिवस सुकवावे. मग शेंगा तोडून खळ्यावर पातळ पसराव्या. पावसाचा रंग दिसला तर झांकाव्या, पण ओल्या शेंगांचा ढीग कदापि करूं नये. शेंग कानाशीं हालविली असतां दाणा खुळखुळ वाजला पाहिजे, आणि दाणा चोळतांच त्याचें साल सुटलें पाहिजे. शेंगांत ओल शेंकडा ८ ते ९ पर्यंत उतरली म्हणजे त्या सांठविण्यास योग्य झाल्या असें तज्ज्ञ सांगतात. पोतीं जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर ठेवावीं. घरखर्चाचे दाणे एकदम फोडून ठेवूं नयेत. शेंगेचें टरफल हेंच दाण्याचें उत्तम भांडें आहे. लागतील तसे फोडावे.

निवड :— दाणे सुपांत किंवा पांढऱ्या कापडावर उजेडांत पसरावे. काळसर, पिंवळट, हिरवट, सुरकुतलेला, किडका, भोंक पडलेला अथवा मोड आलेला दाणा निःसंकोच काढून टाकावा. भाजल्यावर व साल काढल्यावर पुन्हां एकदां पाहावें. त्या वेळीं जो दाणा इतरांहून फारच काळा दिसेल तोही टाकावा. आणि खातांना कडू लागलेला दाणा गिळूं नये, थुंकावा. मुलांसही हेंच शिकवावें. टाकलेले दाणे जनावरांस किंवा कोंबड्यांस घालूं नयेत, घाण्यावरही नेऊं नयेत. कारण घाण्याच्या तेलांत कांहीं व पेंडींत पुष्कळ विष उतरतें. ते पुरून टाकावे. एक क्विंटल शेंगांचे सुमारें ७० किलो दाणे निघतात. त्यांतून दोन-तीन किलो टाकावे लागले तर जीव हळहळतो खरा. परंतु दवाखान्याच्या एका खेपेचा खर्च मांडून पाहिल्यास हा तोटा जमेच्याच बाजूस पडेल.

खारे दाणे :— निवडलेले एक किलो दाणे घ्यावे. अर्धा लिटर पाणी उकळून त्यांत ४० ग्रॅम मीठ विरघळवावें व तें गरम पाणी दाण्यांवर ओतून दहा मिनिटें झांकून ठेवावें. मग दाणे निथळून कापडावर सावलींत दीड-दोन तास पसरावे. वरची ओल गेली पाहिजे; ओले दाणे कढईंत टाकल्यास साल फुटतें व आंत कच्चें राहतें.

जाड बुडाच्या लोखंडी कढईंत किलोभर जाडें मीठ घालून तापवावें. भडभुंजे भट्टींत वाळू वापरतात. घरीं मीठ बरें, कारण त्याची कचकच दांतांखालीं येत नाहीं. मीठ असें तापावें कीं टाकलेला दाणा लगेच तडतडेल. मग पाव किलो दाणे टाकून मध्यम आंचेवर उलथन्यानें सारखे हलवीत राहावें. वाळू काय किंवा मीठ काय, तें दाण्यास चहूंबाजूंनीं सारखी ऊब देतें. नुसत्या कढईंत दाणा एका अंगानें करपतो व दुसऱ्या अंगानें कच्चा राहतो. सहा ते आठ मिनिटांनीं एक दाणा काढून फोडावा. आंतील पांढरा रंग जाऊन फिकट बदामी रंग आला कीं लगेच चाळणीनें मीठ गाळून दाणे परातींत पसरावे. याहून अधिक वाट पाहूं नये, कारण कढईंतून निघाल्यावरही दाणा आंतल्या उष्णतेनें आणखी भाजत असतो. दुसरी सूचना अशी कीं, गरम दाणा मऊच लागतो. कुरकुरीतपणा निवल्यावर येतो. मऊ लागतो म्हणून पुन्हां कढईंत टाकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे दाणे हटकून करपतात. कढईंतील मीठ गाळून बरणींत ठेवल्यास पुढें अनेक वेळां भाजण्यास उपयोगी पडतें.

मसाल्याचे दाणे :— वरीलप्रमाणें भाजलेल्या एक किलो दाण्यांस लाल तिखट दोन चहाचे चमचे, जिऱ्याची पूड एक चमचा, आमचूर एक चमचा, काळें मीठ एक चमचा, आणि हळद व हिंग चिमूटभर असा मसाला पुरतो. कोरड्या दाण्यास मसाला चिकटत नाहीं, तो बरणीच्या तळाशीं जातो. आणि तिखट दाण्यांबरोबर भाजल्यास जळून कडू होतें व ठसक्यानें घर डोक्यावर घेतें. म्हणून दोन चमचे शेंगदाण्याचें तेल कढईंत कोमट करून कढई चुलीखालीं उतरवावी. त्यांत प्रथम हिंग व हळद, मग तिखट घालावें, आणि लगोलग ऊन दाणे टाकून वर-खालीं करावे. आमचूर, जिरेपूड व काळें मीठ अगदीं शेवटीं भुरभुरावें. ज्यांस लसणाची आवड असेल त्यांनीं लसूण ठेंचून मंद आंचेवर पूर्ण कोरडा करून मगच घालावा. ओल्या लसणाचे दाणे दोन दिवसांत संपवावे.

दाणे पूर्ण निवल्याखेरीज डब्यांत भरूं नयेत. आंत वाफ धरून ते सादळतात. घट्ट झांकणाच्या डब्यांत ते दोन-तीन आठवडे चांगले राहतात. दाण्यांत जवळजवळ निम्में तेल असल्यामुळें हवा, उजेड व उष्णता लागली कीं ते खवट होतात. खवट दाणेही खाऊं नयेत.

लहान मुलांविषयीं एक सूचना येथें करणें अवश्य आहे. चार-पांच वर्षांखालील मुलांच्या हातीं अख्खा दाणा देऊं नये. तो श्वासनलिकेंत अडकून प्राणावर बेततें. त्यांस बारीक कूट करून द्यावें. तसेंच कोणाकोणास दाण्यांचें वावडें असतें. दाणा खातांच ज्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा दम लागतो, त्यास पुन्हां आग्रह करूं नये व वैद्यकीय सल्ला घ्यावा.

समारोप :— दाण्यांत शेंकडा पंचवीसच्या सुमारास प्रथिनें आहेत. कष्ट करणाऱ्या माणसास व वाढत्या मुलांस इतक्या स्वस्तांत इतकें पोषण देणारी दुसरी वस्तु शेतकऱ्याच्या घरीं क्वचितच असेल. ती त्यानें चांगली पिकवावी, चांगली वाळवावी, आणि पहिला उत्तम वांटा घरासाठीं ठेवून मग बाकीचा माल बाजारांत न्यावा. मात्र याचा अर्थ वाईट दाणे गिऱ्हाइकाच्या पोत्यांत मिसळावे असा मुळींच नाहीं. जो दाणा आपल्या नातवास घालवत नाहीं तो दुसऱ्याच्या नातवास घालण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

त्या वर्षापासून आमच्या घरीं दाणे निवडण्याचें काम आम्हांकडे आलें आहे. दुपारीं चष्मा लावून आम्ही सुपापुढें बसतों आणि नातू शेजारीं बसून आमच्या नजरेंतून सुटलेला दाणा काढून दाखवितो. त्याला तिखट थोडें कमीच घातलेलें लागतें. तेंही एका अर्थीं बरेंच. कमी तिखटांत दाण्याची खरी चव लपत नाहीं.