कापडाचा आडोसा

फर्निचर डिझायनर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोफा, कपाट, फार तर किचनच्या ट्रॉल्या येतात. पण या क्षेत्रात नव्यानं येणारी मुलंमुली हल्ली कापडाच्या खोल्याही करतात. आत शिरायचं, बसायचं, पडदे ओढायचे, पुन्हा गुंडाळून ठेवायचे. ‘इन्स्टॉलेशन’ म्हणतात त्याला. माझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, “अगं, आडोसा म्हणा की सरळ!”

कल्पना तशी जुनीच. व्हर्नर पँटन या डॅनिश फर्निचर डिझायनरनं १९७० मध्ये जर्मनीत कोलोनला एका बोटीवर रंगीबेरंगी गुहाच उभी केली होती. भिंती, छत, जमीन, सगळं गादीसारखं मऊ आणि कापडानं मढवलेलं. जपानच्या तोशिको होरिउची-मॅकअ‍ॅडम यांची गोष्ट तर मला फारच आवडते. त्यांनी विणलेली कलाकृती प्रदर्शनात टांगली होती आणि दोन मुलं सरळ तिच्यावर चढली. दुसरी कुणी असती तर ओरडली असती. यांनी तेव्हापासून मुलांसाठीच विणायला घेतलं. हाकोने इथल्या संग्रहालयात २००९ साली झालेल्या लाकडी मंडपात त्यांची क्रोशाची भलीमोठी जाळी टांगलेली आहे, मुलं तिच्यात लोळतात, झोके घेतात.

पण मैत्रिणींनो, मला खरं पटलं ते शिगेरू बान या जपानी आर्किटेक्टचं काम. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये पुठ्ठ्याच्या नळ्यांची घरं बांधणारे हेच. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर हजारो माणसं शाळांच्या हॉलमध्ये एकमेकांना चिकटून राहत होती. बान यांनी तिथे कागदी नळ्यांची चौकट केली आणि वरून पांढरे पडदे सोडले. ते अडकवायला काय, तर सेफ्टी पिना! प्रत्येक कुटुंबाला आपली खोली मिळाली. २०२२ मध्ये युक्रेनमधून पोलंडला आलेल्या बायकामुलांनाही हेच पडदे उपयोगी पडले.

हे वाचलं आणि २६ जुलै २००५ ची रात्र आठवली. कल्याणला आमच्या चाळीत पाणी शिरलं, तेव्हा आम्हाला एका शाळेच्या वरच्या मजल्यावर हलवलं. खिचडी आली, चादरी आल्या. पण कपडे बदलायचे कुठे? ओल्या साड्यांत सगळ्या बसून. त्यात एक वीस दिवसांची बाळंतीण. चारचौघांसमोर ती बाळाला घेईना आणि बाळ रडायचं थांबेना. शेवटी दोघी बाकांवर चढल्या आणि चादर धरून उभ्या राहिल्या. हात भरून आले की दुसऱ्या दोघी. पहाटेपर्यंत अशा पाळ्या चालल्या.

पूरग्रस्तांसाठी तांदूळ-डाळ, मेणबत्त्या, ब्लँकेटं गोळा होतात. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीच्या वेळी आमच्या मंडळानंही तेच पाठवलं. पडदा कुणाला सुचला नाही.

आता बघा, शेजारच्या भिवंडीत यंत्रमागावर ढिगानं कापड निघतं. अहमदाबादच्या एनआयडीत फर्निचर आणि वस्त्र, दोन्ही विषय शिकवतात. या मुलांनी हे मनावर घ्यावं, फक्त आधी चार बायकांना विचारावं. पांढरा पडदा दिसतो छान, पण आत दिवा लावला की बाहेर सगळी सावली पडते. कापड गडद हवं, नाहीतर दुहेरी. उंची उभ्या बाईच्या डोक्यावर हातभर. आणि आत एक खुंटी हवीच, नाहीतर कोरडी साडी ठेवायची कुठे?

मंडळाच्या भिशीतून आम्ही यंदा असे बारा पडदे शिवले, वर बांबू जाईल एवढा नेफा ठेवून. बांबू मांडववाला देणार आहे. पडदे कुठे ठेवायचे ते मात्र अजून ठरत नाही. शाळेत विचारलं तर किल्ली कोणाकडे राहणार यावर गाडं अडलंय. तोवर ते दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या दिवाणात आहेत.